तळपाटावरचा कचरा

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी आमच्या परसातली मधपेटी मुकी झाली.

आदल्या आठवड्यापर्यंत ये-जा चालू होती. पाऊस जरा उघडला की दहा-वीस माश्या दारातून बाहेर पडायच्या, शेवग्यापर्यंत फेरी मारून परतायच्या. त्या सकाळी कुणीच नाही. पेटीला कान लावला. एरवी आतून लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर येते, तीही नव्हती. झाकण उचललं तर आधी कुबट वास आला. मग दिसलं ते असं: चौकटींतल्या पोळ्यांवर पांढऱ्या जाळ्यांचा पडदा, जाळ्यांत बोगदे, बोगद्यांतून सरपटणाऱ्या जाड राखाडी अळ्या आणि सगळीकडे खसखशीसारखी काळी विष्ठा. मेलेल्या माश्या म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचं मोहोळ राणीसकट उठून गेलं होतं.

मोहोळ मला भुदरगडाकडच्या एका जुन्या मधपाळाकडून मिळालं होतं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना बोलावलं. ते आले, पण पोळ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. पेटीच्या दोन्ही कोठ्या उचलून बाजूला ठेवल्या, सगळ्यात खालची फळी काढली आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यावर उपडी केली. फळीवरून बोटभर जाडीचा थर सुटून पडला. मेणाचा भुगा, परागकण, माश्यांचे पंख आणि त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या.

“पावसाळा लागल्यापास्नं ही फळी कितींदा झाडलासा?”

मी गप्प. एकदाही झाडली नव्हती. पावसात पेटी उघडू नये असं कुठंतरी वाचलं होतं, आणि तो सल्ला माझ्या आळसाला फार सोयीचा होता.

“माशी भांडत न्हाई,” मामा म्हणाले. “घर घाण झालं की निघून जाती.”

या फळीला मधपाळ तळपाट म्हणतात. मध, राणी, डंख, फुलोरा यांविषयी पुष्कळ लिहिलं जातं. तळपाटाबद्दल कुणी लिहीत नाही. पण त्या दिवसापासून मला वाटू लागलं की आपल्याकडचं मधमाशीपालन म्हणजे मुळात झाडलोट आहे. मध हा त्या झाडलोटीचा मोबदला.

सातेरीचं घर

महाराष्ट्रात मधमाश्यांची चार-पाच कुळं ओळखीची आहेत. उंच कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर उघडं, एकच भलंमोठं पोळं लावणारी आग्यामाशी. झुडपात तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरी. डंख न मारणारी, भिंतीच्या भेगांतही राहणारी इवलीशी पोयटी. बाहेरून आणून इथे रुळवलेली युरोपीय मेलिफेरा. आणि सातेरी. सातेरी आपली, डोंगरातली. झाडाच्या ढोलीत, वारुळाच्या पोकळीत, पडक्या भिंतीच्या खबदाडात ती एकाखाली एक नव्हे, तर एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. अंधारात राहायची सवय असल्यामुळेच ती पेटीत नांदते. आग्यामाशी कधीच नांदणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिमेचा सगळा पट्टा सातेरीचा आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजन यांचा वसंतातला फुलोरा, पावसाळ्यानंतर सड्यांवरची आणि रानातली फुलं, आणि सात-आठ वर्षांतून एकदा डोंगर निळाजांभळा करणारी कारवी. देशातल्या मधाच्या अधिकृत मानकांत कारवीच्या मधासाठी वेगळी तरतूद आहे. सर्वसाधारण मधात सुक्रोज पाच टक्क्यांपर्यंत चालतं, कारवीच्या मधात दहापर्यंत. एखाद्या सह्याद्रीच्या झुडपासाठी सरकारी तक्त्यात वेगळा रकाना असावा, हे मला फार आवडतं.

गारगोटीहून कडगावमार्गे वर गेलं की पाटगाव लागतं. वेदगंगेवरचं धरण, मौनी महाराजांचा मठ आणि पलीकडे रांगणा किल्ल्याची वाट. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज मौनी महाराजांच्या दर्शनाला इथे आले होते, अशी परंपरा सांगते. अलीकडे या गावाची ओळख वेगळ्या कारणाने झाली आहे. सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ च्या मे महिन्यात राज्यातलं पहिलं ‘मधाचे गाव’ झालं. त्यानंतर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या याच उपक्रमात पाटगाव आलं. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तिथे प्रशिक्षण मिळतं, आणि पेट्या-साहित्यासाठी निम्मं अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक अशी मध केंद्र योजना चालते.

पेट्या वाटणं आणि मोजणं सोपं असतं. पेटी तीन वर्षांनी नांदती आहे की अडगळीत पडली आहे, हे मोजणं अवघड. त्या दोन्हींमधलं अंतर बरंचसं एका खरवडणीने आणि एका झाडूने ठरतं.

बोटभरही नव्हे, तेवढी फट

मधपेटी दिसायला साधी. खाली तळपाट, त्यावर अंड्या-पिल्लांची शिशुकोठी, तिच्यावर मधकोठी, मग आतलं झाकण आणि वर पत्रा मारलेलं छप्पर. कोठ्यांत लाकडी चौकटी टांगलेल्या. पण या साध्या खोक्याचं सगळं शास्त्र चौकटींमधल्या रिकाम्या जागेत आहे.

अमेरिकेतला एक पाद्री, लोरेंझो लँगस्ट्रॉथ, १८५१ मध्ये या जागेशी येऊन थांबला. त्याच्या लक्षात आलं की साधारण नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती मोकळी सोडतात, येण्याजाण्याची वाट म्हणून. फट त्याहून मोठी असली तर तिथे जादा पोळं बांधतात. लहान असली तर चिकटवून टाकतात. त्यामुळे चौकटी सुट्या राहू लागल्या आणि पोळं न मोडता उचलून पाहता येऊ लागलं. पुढे १८५७ मध्ये जर्मनीत मेरिंगने मेणपत्रा पाडायचा साचा केला आणि १८६५ मध्ये ह्रुश्काने फिरकीने मध काढायचं यंत्र दाखवलं. आजचं मधमाशीपालन या तीन गोष्टींवर उभं आहे. सातेरी युरोपीय माशीहून लहान, म्हणून तिची फट आणखी अरुंद, सात-आठ मिलिमीटरची. दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची छोटी पेटी केली, आणि पुढे भारतीय मानक संस्थेनेही पेट्यांची मापं ठरवून दिली.

ही फट कायम कुणी ठेवायची? माश्या ठेवत नाहीत. हंगामात त्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर मेणाचे पूल बांधतात, कडेच्या भिंतीला पोळं जोडतात. लाकूड फुगतं, खिळा सैल होतो, चौकट वाकते. दोन-तीन हंगाम तसंच राहिलं की सुट्या चौकटींची पेटी पुन्हा झाडाची ढोली होते. उचलायला गेलं की पोळी तुटतात, पिल्लं चिरडतात, मध गळतो, मुंग्या येतात. म्हणून खरवडणं ही टापटिपीची हौस नव्हे. लँगस्ट्रॉथची ती फट आपण दरवर्षी नव्याने मिळवत असतो.

इथे परदेशी पुस्तकं वाचणाऱ्याची एक गंमत होते. त्यांची निम्मी पानं प्रोपोलिसवर, म्हणजे झाडांच्या डिंकापासून माशी करते त्या चिकट लुकणावर खर्च झालेली असतात. मेलिफेरा त्याने सगळी पेटी लिंपून टाकते. सातेरी ते जवळजवळ वापरतच नाही. त्यामुळे आपल्या पेटीत खरवडायला निघतं ते मेण, आणि मेण फुकट जात नाही. मामांच्या कमरेला एक छोटी पिशवी असते. खरवडलेला प्रत्येक कण तिच्यात पडतो.

जन्मताच झाडू हातात

पोळ्यातली माशी स्वभावानेच स्वच्छ. कामकरी माशी कोठडीचं झाकण कुरतडून बाहेर येते आणि तिचं आयुष्यातलं पहिलं काम असतं कोठड्या साफ करणं. पहिले दोन-तीन दिवस ती तेच करते. कोठडी पुसून चकचकीत झाली तरच राणी तीत अंडं घालते. मेलेल्या माश्या ओढून दूर टाकणाऱ्या वेगळ्या असतात. कितीही दिवस पाऊस लागला तरी निरोगी माशी घरात विष्ठा करत नाही. उघडीप मिळाली की आधी त्यासाठी बाहेर जाते. रोगट पिल्लू झाकणाआडूनही काही माश्यांना कळतं. त्या झाकण फोडतात आणि पिल्लू उचलून टाकतात. हा गुण अनुवंशिक आहे, असं वॉल्टर रोथेनब्युलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये दाखवलं. मेलिफेराला हैराण करून सोडणारी व्हरोआ गोचीड मुळात सातेरीच्या कुळावरच वाढलेली. पण सातेरी ती अंगावरून वेचून काढते आणि तिच्यासोबत निभावून नेते.

एवढी स्वच्छ माशी, मग आपण झाडायचं काय? उत्तर ढोलीत आहे. ढोलीत खाली पडलेला कचरा खोल जातो. तिथे मुंग्या, वाळवी, किडे त्याचा फडशा पाडतात. पेटीत मात्र बोटभर खाली सपाट फळी आहे. शिवाय सातेरीला जुनं, काळं पडलेलं पोळं आवडत नाही. ती ते खालून कुरतडते आणि नवं बांधते. कुरतडलेला सगळा भुगा तळपाटावर पडतो. भरपूर माश्या असल्या तर त्या तो ओढून बाहेर नेतात. पावसाळ्यात फुलोरा नसतो, संख्या घटते, आणि भुगा साचतो. म्हणजे सातेरीची स्वच्छतेची सवयच, आपण दिलेल्या चौकोनी घरात, तिच्या शत्रूला जेवण वाढून ठेवते.

मेणकिडा

तो शत्रू म्हणजे मेणकिडा. दिसायला करड्या रंगाचा साधा पतंग. रात्री येतो, फटीत अंडी घालतो. अळी बाहेर पडली की पोळ्यात शिरते. नाव मेणकिडा असलं तरी नुसत्या शुद्ध मेणावर ती नीट वाढत नाही. तिला लागतात जुन्या पोळ्यातले पिल्लांचे कोश, परागकण, मळ. त्यामुळे नव्या पांढऱ्या पोळ्याला भीती कमी आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या काळ्या पोळ्याला जास्त. मोठी झालेली अळी कोश विणताना लाकूडही कुरतडते. पेटीच्या आतल्या अंगाला होडीच्या आकाराचे खळगे पाडते. माझ्या रिकाम्या पेटीत असे तेवीस खळगे होते. बोट फिरवलं की लागायचे.

मोहोळ बळकट असेल तर माश्या या अळ्यांना बाहेर काढतात. मेणकिडा बहुतेकदा मोहोळ मारत नाही. आधीच हरलेल्या मोहोळाचा शेवट करतो. माझं मोहोळ हरलं ते पावसाने, उपासमारीने आणि माझ्या तळपाटाने.

यावर उपाय करायला गेलं की दोन चुका हमखास होतात. पहिली डांबरगोळ्यांची. कपाटातल्या साड्यांना चालतात म्हणून ठेवणीतल्या पोळ्यांमध्ये टाकल्या की त्यांचा वास मेणात मुरतो आणि पुढच्या वर्षी मधात उतरतो. खायच्या वस्तूच्या आसपास त्या नकोतच. दुसरी चूक गंधकाची अर्धवट धुरी. बंद ठेवलेल्या कोठ्यांत गंधक जाळला की अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. पंधरवड्याने पुन्हा धुरी दिली नाही तर आधीचे श्रम वाया. थोडीच पोळी असतील तर सगळ्यात साधा उपाय फ्रीजचा. उणे पंधरा अंशांवर दोन तासांत अंड्यासकट सगळं मरतं. पोळ्यात मध असेल तर थंडी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर ठेवायचं. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाऐवजी पोळं दिसलं की घरात काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

रोहिणी ते मृग

साहित्य धुण्याचं वेळापत्रक आमच्याकडे पंचांगातच आहे. जांभूळ-हिरड्याचा मध चैत्र-वैशाखात भरतो. रोहिणी नक्षत्रात शेवटचा मध निघतो. मृग लागायच्या आत सगळं धुऊन, वाळवून, बांधून ठेवायचं. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मृगानंतर या भागात ओली वस्तू दसऱ्यापर्यंत ओलीच राहते.

कोल्हापूरकराला हे काम शिकवावं लागत नाही. फक्त आठवण द्यावी लागते. दुधाची किटली रात्री तशीच ठेवली तर सकाळी काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. गुऱ्हाळाची काहील उतरल्यावर घासली नाही तर पुढच्या आधणाचा गूळ कसा काळा पडतो, हेही. मधयंत्राचं तसंच, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. ते आधी गार पाण्याने धुवायचं. मधाबरोबर मेणाचे कण असतात. गरम पाणी ओतलं की ते वितळून पत्र्याला पातळ थर होऊन बसतात आणि मग निघता निघत नाहीत. गार पाण्याने मध आणि मेण दोन्ही निघाल्यावर मग गरम पाणी, आणि शेवटी फडक्याने कोरडं पुसून ऊन.

इथे ऊन पाण्याहून महत्त्वाचं. मध हवेतलं पाणी ओढतो. सातेरीचा मध मुळातच पातळ, आणि बाजारात जायचा तर त्यात वीस टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही. भांड्याच्या तळाशी राहिलेला मधाचा ओशट थर दमट हवेत आठवड्यात पातळ होतो, त्यात यीस्ट वाढतं आणि आंबूस वास येतो. पुढच्या खेपेचा मध त्यात ओतला की विरजण लागल्यासारखं होतं. बरणी फसफसली की दोष माशीला किंवा फुलाला दिला जातो. चूक असते न वाळलेल्या पिंपाची. मध आम्लधर्मी असतो, म्हणून जस्त चढवलेलं किंवा गंजलेलं भांडं त्याला चालत नाही, स्टील हवं. यंत्राच्या दातेरी चाकांना गाडीचं ग्रीस लावायचं नाही, खायच्या यंत्रांना चालणारंच लावायचं. ही चाकं बरोबर पिंपाच्या तोंडावर असतात.

मध काढलेल्या चौकटी मात्र धुवायच्या नाहीत. त्या संध्याकाळी उशिरा त्यांच्याच पेटीत परत ठेवायच्या. रात्रभरात माश्या चाटूनपुसून लख्ख करतात. दिवसाउजेडी, उघड्यावर ठेवल्या तर लुटालूट सुरू होते. एका पेटीच्या माश्या दुसरीवर तुटून पडतात, आणि मधाबरोबर रोगही घरोघर जातो.

धुराच्या भात्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. शेणी, गोणपाट, नारळाची सोडणं जाळून त्याच्या नळीत आणि झाकणात डांबरासारखी काजळी साचते. ती खरवडली नाही तर तोंड बुजतं, थंड पांढऱ्या धुराऐवजी ठिणग्या बाहेर येतात आणि ज्यांना शांत करायचं त्यांचेच पंख होरपळतात. हातमोजे आणि जाळीची टोपीही धुवायचीच. डंख बसला की त्या जागी इशाऱ्याचा वास राहतो, साधारण पिकल्या केळ्यासारखा. न धुतलेला मोजा घालून पेटीजवळ गेलं की माशीला वाटतं, इथे आधीच लढाई चालू आहे. बरेच लोक म्हणतात, माझ्या माश्या फार तापट आहेत. आधी मोजे धुऊन बघावेत.

पावसाळ्याची परीक्षा

आषाढ-श्रावणात पेटी सताड उघडायची नसते, हे खरं. पण उघडणं आणि झाडणं वेगळं, हे मला त्या सकाळी कळलं. दोन माणसांनी कोठ्या अलगद उचलायच्या, एकाने खालून तळपाट काढून झाडायचा, कोरडा दुसरा तळपाट सरकवायचा. दोन मिनिटांचं काम. दर पंधरा दिवसांनी, उघडीप बघून. तळपाट बदली असला की पहिला घरात चुलीपाशी वाळतो. पेटीला पुढे किंचित उतार द्यायचा म्हणजे पाणी दारातून निथळतं. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतात त्या मुंग्यांसाठी. पण वाटीत एक वाळकं पान पडलं किंवा शेजारचं गवत स्टँडला टेकलं की मुंग्यांना पूल मिळतो. वाट्या घासणं, पाणी बदलणं, गवत काढणं, हेही मधपाळाचंच काम.

आणि रोग. सातेरीच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान थाई सॅकब्रूड या विषाणूचं आहे. १९७६ मध्ये थायलंडमध्ये तो ओळखला गेला. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात आला आणि केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातली सातेरीची बहुतेक मोहोळं त्याने संपवली. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते, टोक वर करून मरते. यावर औषध नाही. राणी काही दिवस बंद ठेवून पिल्लांची साखळी तोडणं आणि स्वच्छता, एवढंच हाती राहतं. एका पेटीची चौकट दुसरीत न घालणं, एकाच सुरीने सगळ्यांची मधझाकणं न कापणं, प्रत्येक पेटीनंतर खरवडणी धुणं. गावात पन्नास पेट्या असल्या की एकाची सुरी सगळ्या गावाची होते.

युरोपात अमेरिकन फाउलब्रूड नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. त्याची बीजं लाकडात पस्तीस-चाळीस वर्षं जिवंत राहतात. तिथे रोग सापडला की पोळी आणि चौकटी खड्ड्यात जाळतात आणि पेटीचं लाकूड आतून बर्नरने तपकिरी होईपर्यंत भाजतात. एरवीच्या सफाईला कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा, पाच लिटरला एक किलो. सोडा ॲल्युमिनियमला खातो, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. लाकूड आणि स्टीललाच तो चालतो. हातमोज्याशिवाय या पाण्याला हात लावू नये.

खंडेनवमी

माझी रिकामी पेटी मी साफ केली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. कोल्हापूरचा दसरा म्हणजे दसरा चौकातलं सोनं लुटणं, पण त्याच्या आदल्या दिवशी उद्यमनगरातल्या लेथपासून रिक्षापर्यंत आणि विळ्यापासून करवतीपर्यंत सगळं घासून-पुसून हळदीकुंकवाला बसतं. वर्षभर ज्याने पोट भरलं, त्याला एक दिवस स्वच्छ करून समोर ठेवायचं. मामांच्या घरी त्या दिवशी खरवडणी, सुरी आणि मधयंत्र पाटावर असतात.

काळी पोळी कापून काढली. ती कापडात बांधून, वर दगड ठेवून, गरम पाण्यात बुडवली. बासष्ट-चौसष्ट अंशांना मेण वितळतं आणि कापडातून गाळून वर तरंगतं. भांडं स्टीलचं घेतलं. तांब्याच्या पातेल्यात मेण हिरवं पडतं, लोखंडाच्यात काळवंडतं. वितळवताना आच मंद ठेवायची आणि पातेल्यापासून हलायचं नाही, कारण मेण पेटतं. गार झाल्यावर पिवळीधमक वडी निघाली. तळाला चिकटलेला काळा मळ चाकूने काढला. कोठ्या खरवडल्या, आतून बर्नरची आच हलकेच फिरवली, कोपऱ्यांत आणि खळग्यांत जास्त. रंग दिला तो फक्त बाहेरून, आणि मग आठवडाभर उन्हात ठेवून वास घालवला. आतून रंग नाही, रॉकेल नाही, फिनेल नाही. शेवटी नव्या मेणाचा तुकडा आतल्या भिंतींवर चोळला. जागा शोधणाऱ्या माश्यांना मेणाचा वास ओळखीचा वाटतो.

मोहोळ त्या दिवाळीत आलं नाही. माघात, फुटीच्या दिवसांत मामांच्या एका पेटीचं विभाजन झालं तेव्हा त्यातला अर्धा भाग माझ्याकडे आला. त्यांनी पेटी आत-बाहेर हुंगली, खळग्यांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता चौकटी आत सोडल्या.

या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी तळपाट काढला आणि वर्तमानपत्रावर झाडला. आता तो कचरा मला थोडा वाचता येतो. तपकिरी भुग्याच्या सरळ रेषा पडल्या असतील तर त्या रेषांच्या वर पिल्लं बाहेर येत आहेत, आणि किती चौकटींत तेही कळतं. परागाच्या गोळ्या म्हणजे बाहेर फुलोरा आहे. काळे दाणे म्हणजे मेणकिडा. दोन दिसले तरी ती चौकट काढून पाहायची. पांढरी अळी दिसली तर त्याच दिवशी मामांना फोन.

परवा, नरक चतुर्दशीची तयारी म्हणून घरातले सगळे भिंती झाडत होते, तेव्हा मी परसात बसून तळपाट झाडला. कागदावर भुग्याच्या तीन रेषा होत्या. त्यांच्या कडेला उन्हात चमकणारे, अभ्रकासारखे बारीक पापुद्रे होते. ते माशीच्या पोटाखालून निघणारे ताज्या मेणाचे पापुद्रे. नवं पोळं बांधताना हातून निसटलेले. निघायच्या तयारीतली माशी पोळं बांधत नाही.

कागदाची घडी घातली, पापुद्रे मामांसारखेच एका पिशवीत टाकले आणि तळपाट परत सरकवला.